संसारांतील चार गोष्टी : सुनेचें मौन आणि बाळाचें दूध

मागें आमचा एक जुना विद्यार्थी साताऱ्यास आम्हांस भेटावयास आला. त्याची पत्नी सांगलीस माहेरीं बाळंत झाली होती. त्यानें विचारलें, "मास्तर, जातकर्मांत बाळास मध-तूप चाटविलें नाहीं, तर शास्त्राचा बाध येतो काय?" प्रश्न साधा, परंतु त्याचा स्वर कांपत होता. खोदून विचारतां कळलें कीं, गर्भारपणींच्या तपासणींत त्या मुलीच्या रक्तांत एच्. आय्. व्ही. आढळला होता, आणि पतिपत्नींवांचून घरांत हें कोणासहि ठाऊक नव्हतें. त्याच्या अनुमतीनें, ओळखीच्या खुणा पालटून, आम्हीं हें लिहीत आहों.

अशा मातेनें बाळास अंगावर पाजावें कीं नाहीं, याविषयीं पूर्वीं फार मतभेद होता. दुधावाटे रोग जाऊं शकतो, म्हणून वरचें दूध सुचवीत. पण अस्वच्छ पाणी व बाटली यांपासून होणारा अतिसारहि बाळांचा काळच. २००६ सालीं आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशांत अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ आली, तेव्हां डब्याच्या दुधावरील मुलें फार दगावलीं. तत्पूर्वीं १९९९ सालीं डर्बन येथील अभ्यासांत असें दिसलें होतें कीं, केवळ आईच्या दुधावरील मुलांपेक्षां अंगावरचें व वरचें अशीं दोन्ही घेणाऱ्या मुलांस संसर्ग अधिक होतो.

आतां औषधांनीं मार्ग पुष्कळ सुकर केला आहे. कांहींच उपाय न केल्यास शेंकडा १५ ते ४५ मुलांस हा रोग जडतो. योग्य उपचारांनीं तें प्रमाण शेंकडा ५ च्या खालीं येतें. २०१४ पासून आपल्या देशांत प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म उपचार देण्याचें धोरण असून सरकारी केंद्रांत औषधें विनामूल्य मिळतात. आईनें गोळी एकहि दिवस चुकवूं नये. बाळास नेमून दिलेलें औषध द्यावें. सहा महिने केवळ अंगावरचें दूध, मग त्याच्या जोडीस मऊ भात-वरण. स्तनास चीर वा गळूं झाल्यास तत्काळ डॉक्टरांस दाखवावें.

परंतु घरांत आजीची बाळगुटी उगाळून तयार असते, उन्हाळ्यांत कोणी चमचाभर पाणी पाजतें. सुनेनें 'नको' म्हणावें, तर कारण सांगावें लागतें. सांगावें, तर ताट-वाटी निराळी होण्याची धास्ती. सांगलीस १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था या रोगाच्या प्रश्नांत स्त्रियांच्या बाजूनें उभी आहे. २०१७ च्या कायद्यानेंहि संमतीवांचून असें गुपित उघड करण्यास मनाई केली आहे. पण माजघरांत कायदा कितीसा पोंचणार?

आम्हीं त्या मुलास सांगितलें, "जातकर्माचा हेतु बाळाची मेधा व आयुष्य हा आहे. ज्यानें आयुष्यास धोका, तें टाळल्यानें विधीचा हेतु मोडत नाहीं, उलट राखला जातो. आणि घरीं एवढेंच सांग कीं, सहा महिने पाण्याचा थेंबहि द्यावयाचा नाहीं, अशी दवाखान्याची सक्त ताकीद आहे." यांत असत्य कांहींच नाहीं. आजचें वैद्यक निरोगी मातेसहि हाच नियम सांगतें.

म्हणूनच वडीलधाऱ्या भगिनींस आमची विनंति आहे. हा नियम आपल्या घरीं प्रत्येक सुनेकरितां, कारण न विचारतां, पाळावा. सर्वांस एकच रीत असली म्हणजे कोणा एकीस आपलें दुःख उघड करावें लागत नाहीं.

त्या बाळाची सहाव्या आठवड्याची तपासणी निर्दोष निघाली. अखेरचा निर्णय दीड वर्षांनीं, किंवा दूध उशिरां तुटल्यास त्याहूनहि मागाहून, व्हावयाचा आहे. तोंवर आजीनें गुटीची सहाण फडताळांत ठेवून दिली आहे. कां, हें तिनें अद्यापि विचारलेलें नाहीं.