राख आणि घाई

जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि औष्णिक वीजकेंद्राची राख शेतांत व नदीत पसरली. वस्तुतः हीच बारीक राख कोरडी गोळा केल्यास सिमेंटच्या कामी येते. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के चालते. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी तिचा संयोग होऊन काँक्रीट कालांतराने अधिक घट्ट बनते. मात्र ही क्रिया संथ असल्याने बांधकामावर अधिक दिवस पाणी मारावे लागते. घाईतला कंत्राटदार त्यात कसूर करतो आणि दोष राखेच्या माथी येतो. १९९९ मध्ये राखेचा वापर बंधनकारक करणाऱ्या शासनाने निदान सरकारी बांधकामांवर तरी या पाण्याचीही सक्ती करावी. त्याविना राखेविषयीचा लोकांचा अविश्वास दूर होणार नाही.