फायबर आलं, पण किल्ली कोणाकडे?

आजचा विषय आपल्या धंद्यातला, पण घरगुती. घरातला वायफाय राउटर. म्हणजे ती टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेली, हिरवे दिवे लुकलुकणारी डबी, जिच्याकडे नेट बंद पडल्याशिवाय कोणी ढुंकूनही बघत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या दिवशी फायबर घरात येतं, त्याच दिवशी त्या डबीचे सगळे पासवर्ड घरातल्या माणसाच्या हातात आले पाहिजेत. केबलवाल्याच्या नाही, बसवायला आलेल्या पोराच्या नाही, आणि शेजारच्या हुशार भाच्याच्या तर नाहीच नाही.

आता आमच्या वाशिंदचंच घ्या. सीएसएमटीपासून साधारण ८० किलोमीटर, खडवलीच्या पुढचं स्टेशन. लोकलने एका बाजूला दोन तासांचा हिशोब धरायचा. त्यामुळे घरून काम करता येणं ही आमच्याकडे चैन नाही, दिवसाचे चार तास वाचवायची सोय आहे. आणि ती सोय एका बारीक काळ्या वायरवर लटकलेली आहे. खांबावरून वायर गॅलरीत येते, बसवणारा पेटी ठोकतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवतो, "झालं साहेब" म्हणतो आणि निघतो. त्याचाही दोष नाही, त्याला अजून चार घरं करायची असतात. पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

बऱ्याच जणांना माहीतच नसतं की राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा ॲडमिनचा, जो टाकून राउटरच्या सेटिंगमध्ये शिरता येतं. पहिला म्हणजे घराची किल्ली, दुसरा म्हणजे कुलूपच बदलायचा अधिकार. प्रत्यक्षात काय होतं? पहिला असतो घरमालकाचा मोबाइल नंबर, म्हणजे अख्ख्या आळीला पाठ. आणि दुसरा असतो कारखान्यातून आला तसाच, नाहीतर फक्त बसवणाऱ्यालाच ठाऊक.

"एवढं काय त्यात? वापरलं कोणी नेट तर वापरलं." असं म्हणणाऱ्यांनी २००८ साल आठवावं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला. तो मेल कुठून गेला याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरी. तिथल्या माणसाचा मेलशी काही संबंध नव्हता, त्याचं फक्त वायफाय वापरलं गेलं होतं. पण कॉम्प्युटर जप्त झाले, चौकशी झाली, नाव पेपरात आलं. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय असंच वापरलं गेलं. जानेवारी २००९ मध्ये तर मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधत शहरात फिरत होते.

यातून घ्यायचा धडा सोपा आहे. मेल कोणी लिहिला हे आयपी ॲड्रेसवरून कळत नाही. कळतं ते कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते. आणि गावाकडचं कनेक्शन बहुतेक वेळा बाबांच्या नाहीतर आईच्या नावावर असतं, आधारच्या झेरॉक्ससकट. उद्या काही झालंच, तर पहिला प्रश्न त्यांना विचारला जाणार. तेव्हा आपण हिंजवडीत नाहीतर बंगळुरात मीटिंगमध्ये बसलेलो असणार.

दुसरा युक्तिवाद: "वाशिंदला कोण येतंय हॅक करायला?" माणूस येत नाही हो, प्रोग्रॅम येतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे जादू काही नव्हती, कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. ती एकेका यंत्रावर चालवून बघायची, लागली तर लागली. अशा प्रोग्रॅमला पत्ता शहापूर तालुक्यातला आहे की न्यूयॉर्कमधला, याच्याशी देणंघेणं नसतं. लांब कशाला, जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो ब्रॉडबँड मोडेमना व्हायरसने धरलं, तेव्हाही दुखणं तेच होतं, न बदललेला पासवर्ड.

तिसरा मुद्दा मात्र मला पटतो, तो म्हणजे शेजारधर्म. शेजारच्या काकूंच्या मुलीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा राहिलाय आणि आपण पासवर्ड लपवून बसायचं, हे आपल्या रक्तात नाही. नसूच दे. त्यासाठी बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. ओटीवर बसवून चहा पाजायचा, पण कपाटाची किल्ली द्यायची नाही, तसंच हे. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि तो दर महिन्याला बदलायचा. आता गेस्टवरून गेलेलं सगळंही आपल्याच खात्यावर लागतं, म्हणून तेही ओळखीच्यांनाच.

तर करायचं काय? अर्ध्या तासाचं काम आहे:

१. ॲडमिन पासवर्ड बसवणाऱ्याकडून तिथल्या तिथे मागून घ्या आणि लगेच बदला. नाहीच म्हणाला, तर स्वतःचा राउटर घ्या आणि कंपनीची पेटी ब्रिज मोडमध्ये टाकून मागा. ते नाकारणारी कंपनी माझ्या मते घेऊच नये.

२. वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, पासवर्ड लांबलचक ठेवा. डब्ल्यूपीएस बंद करा, त्याच्या पिनमधली खोट २०११ पासून जगजाहीर आहे. बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, तीही बंद.

३. स्वतःचा राउटर घेताना त्याचे पोर्ट गिगाबिट आहेत का बघा. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून २०० चा प्लॅन वाहत नाही.

४. डबी टीव्हीमागून काढा आणि घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. आमच्या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. धरण उशाला, कोरड घशाला. वायफायचंही तेच, पुढच्या खोलीत महापूर आणि मागच्या खोलीत थेंब नाही. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण जाड भिंतीपुढे ते लवकर दमतं. लांबच्या खोलीसाठी २.४ ठेवा, नाहीतर लॅनची वायर ओढून दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा.

५. राउटरला छोटा यूपीएस लावा. फायबरमधून वीज नाही, प्रकाश जातो, आणि मधल्या स्प्लिटरलाही वीज लागत नाही. त्यामुळे पावसाळ्यात लाइट गेली तरी ऑपरेटरच्या टोकाला बॅकअप असेल तर आपलं नेट चालू राहतं. आपल्या डब्या तेवढ्या जिवंत हव्यात.

आणि शेवटचं, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं कागदावर लिहा, मराठीत, मोठ्या अक्षरात. कोणती पेटी कशाची, आधी काय बंद करायचं, कोणाला फोन लावायचा, दोन्ही पासवर्ड काय. तो कागद कपाटात, लाइटबिलाच्या फाइलमध्ये. आईबाबांना एकदा समोर बसवून त्यांच्याच हाताने पासवर्ड बदलायला लावा. कारण केबलवाल्याच्या हातातली किल्ली काढून आपल्या हातात घेतली आणि आपण सोमवारी पहाटेच्या लोकलने निघून गेलो, तर घरातल्यांसाठी काय बदललं? काहीच नाही. नुसता मालक बदलला.

आपण लोक ऑफिसात एका पासवर्डसाठी तीन-तीन अप्रूव्हल घेतो. घरच्या राउटरला निदान एक रविवार तरी द्यायला काय हरकत आहे?