कठीण निर्णय नेमका कोणासाठी कठीण?

बिझनेस स्कूलमध्ये एक धडा हमखास शिकवतात. १९८२ साली शिकागो परिसरात कोणीतरी टायलेनॉलच्या गोळ्यांत सायनाइड मिसळले आणि सात माणसे मेली. तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने तीन कोटींहून अधिक बाटल्या बाजारातून परत घेतल्या. तोट्याची पर्वा न करता घेतलेला निर्णय म्हणून त्याचे गोडवे आजही गायले जातात. गावेतही. आमचा प्रश्न वेगळा आहे. बाटलीतले विष ओळखणाऱ्या या कॉर्पोरेट नेतृत्वाला ऑफिसातले जातीचे विष समोर आले की एकाएकी निर्णय 'कठीण' का वाटू लागतो?

गूगलचेच बघा. एप्रिल २०२२. दलित इतिहास महिन्यानिमित्त इक्वालिटी लॅब्सच्या थेनमोळी सौंदरराजन यांचे व्याख्यान गूगल न्यूजच्या कर्मचाऱ्यांसाठी ठरले होते. विषय होता जात आणि कामाची जागा. काही कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना आणि आपसात ईमेल पाठवून वक्त्या हिंदूविरोधी असल्याची ओरड केली आणि व्याख्यान रद्द झाले. ते आयोजित करणाऱ्या वरिष्ठ व्यवस्थापक तनुजा गुप्ता यांनी अखेर राजीनामा दिला. कंपनीचे म्हणणे काय? तर जातिभेदाला आमच्याकडे थारा नाही, पण या व्याख्यानाने फूट पडत होती.

म्हणजे भेदभावाने फूट पडत नाही, भेदभावावर बोलल्याने पडते! गावात सवर्णांच्या विहिरीवर पाणी भरायला गेलेल्या आमच्या आज्यांना हेच ऐकवले जायचे: गावाची शांतता बिघडवू नका. भाषा इंग्रजी झाली, पगार डॉलरमध्ये आला, वाक्य तेच राहिले.

त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले असताना ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचा एक फलक हातात धरून त्यांनी फोटो काढला. गदारोळ झाला. दोन दिवस उलटायच्या आत कंपनीने तो फलक म्हणजे आमची भूमिका नव्हे म्हणून हात झटकले, वर एका वरिष्ठ अधिकाऱ्याने माफीही मागितली. माफी कोणाची, तर दुखावलेल्या सवर्णांची.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकांगीपणाचा शिक्का बसेल. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य यंत्रणेने एका दलित इंजिनिअरच्या तक्रारीवरून सिस्को कंपनीवर खटला भरला. कंपनीच्या अंतर्गत चौकशीत जातिभेद बेकायदा नाही अशी भूमिका घेतली गेली, असा त्यात आरोप होता. पुढे २०२३ मध्ये दोन वरिष्ठांविरुद्धची बाजू यंत्रणेने मागे घेतली, कंपनीविरुद्धचा दावा तेव्हा कायम राहिला. पण या खटल्यानंतर ॲपलने आपल्या आचारसंहितेत 'जात' हा शब्द स्पष्ट घातला. आयबीएमनेही घातला. चार अक्षरांची ओळ वाढवायला ना कारखाना बंद करावा लागला, ना शेअर कोसळला. निर्णय कठीण नव्हता, धाक नव्हता इतकेच.

आपल्याला हे नवे नाही. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात बाबासाहेबांनी विणकाम खात्याचा प्रश्न लावून धरला. तुटलेला धागा तोंडात धरावा लागतो, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात शिरकाव नव्हता, आणि जास्त मजुरी तर तिथेच होती. संपाच्या मागण्यांत ही मागणी घ्यायला पुढाऱ्यांना जड गेले. मालकांनी तर सरळ सांगितले की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. (कामगार पुढारी आणि भांडवलदार यांचे इतके एकमत एरवी बघायला मिळत नाही.) आजचा एचआर मॅनेजर वेगळे काय म्हणतो?

पुण्यात नोकरीला लागलेली आमच्या वस्तीतली मुले आम्हाला सांगतात की पहिल्या आठवड्यात 'पूर्ण नाव काय', 'गाव कुठलं', 'घरी नॉनव्हेज चालतं का' असे प्रश्न हसत हसत येतात. तक्रार कुठे करणार? तक्रारीच्या फॉर्ममध्ये जातीचा रकानाच नाही. लग्नपत्रिकेवर बुद्धाचे चित्र आहे म्हणून ती सहकाऱ्यांना न वाटणारा इंजिनिअर आम्ही पाहिला आहे. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही.

आणि निर्णय घेणारे कोण? २०१२ साली इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीमध्ये देशातल्या आघाडीच्या हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास आला. नव्वद टक्क्यांहून अधिक संचालक उच्चजातीय, अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. त्याच नियतकालिकात २००७ मध्ये थोरात आणि अटवेल यांनी दाखवले होते की पात्रता तीच ठेवून फक्त आडनाव दलित केले की बोलावणे येण्याची शक्यता घटते. मेरिट मेरिट म्हणतात ते हे! २००६ मध्ये खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा तापली तेव्हा उद्योगसंघटनांनी सांगितले: कायदा नको, आम्ही स्वेच्छेने करू. आज सेबीच्या नियमाप्रमाणे मोठ्या कंपन्या स्त्री किती, दिव्यांग किती हे अहवालात छापतात. कर्मचाऱ्यांची जात मोजायची वेळ आली की तो खासगी मामला होतो.

मित्रांनो, ॲपलची बातमी शेअर करून आपले काम होत नाही. धोरणातला शब्द ही सुरुवात आहे, मोजणी नसेल तर तो शोभेचा. आणि हे आपल्या उद्योजकांनाही लागू आहे. आपला माणूस मालक झाला म्हणून त्याच्या गोदामातल्या हमालाला भविष्य निर्वाह निधी मिळतो का, हे विचारायचे नाही असे होत नाही.

जे नोकरीत आहेत त्यांनी एकट्याने पुढे होऊन नोकरी धोक्यात घालू नये. त्यांच्या वतीने आम्ही संघटनेच्या लेटरहेडवर पत्र पाठवतो आहोत. त्यात तीनच प्रश्न आहेत. तुमच्या आचारसंहितेत जात हा शब्द आहे का? तक्रार समितीवर अनुसूचित जाती-जमातीचा सदस्य आहे का? २००६ च्या स्वेच्छेचे तुमच्याकडे पुढे काय झाले? तुमच्या भागातल्या कंपन्यांची यादी करा, पत्राचा मसुदा आमच्याकडे तयार आहे.

जय भीम.