जेवण त्यांचं, काटाही त्यांचाच

आधी रानातलं सांगतो. वरच्या हलक्या पट्ट्यातलं सोयाबीन पिवळं पडायला लागलंय, खालच्या काळ्यातलं अजून हिरवंगार आहे. शेंग फोडून बघितली, दाणा भरलाय. पाऊस उघडला तर दसऱ्याच्या आगंमागं काढणी धरायची.

आता दुसरं. काल व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण आलं. तीच कंपनी, तेच पुण्यातलं हॉटेल, एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी "खरेदीदार-उत्पादक संवाद". आमच्या एफपीओचे दोघं संचालक जायला तयार बसलेत. मी नको म्हणलं तर म्हणतात, तुम्ही मागच्या साली जाऊन आलात, आता आमची पाळी आली तर आडवे येता. म्हणून एकदाचं सगळं लिहितो. यात माझी पण चूक आहे, ती झाकणार नाही.

मागच्या सप्टेंबरात, म्हणजे 2024 ला, मी गेलतो. खोलीत शिरलो तर दिवाच लागंना. सामान आणणारा पोरगा आपल्या निलंग्याकडचा निघाला. म्हणला, "मामा, ते कार्ड इथल्या खाचेत घाला." न्हाणीघराला काचेची भिंत! का, ते मला अजून कळलेलं नाही. गादी अशी की कुशीवर वळलं की माणूस आत जातोय. रात्री जेवायला बशीत हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, उकडून मीठ लावलेल्या. त्याला एडामामे म्हणतात म्हणे. मेन्यूवर भाव 595 रुपये. आता इथं कुणी म्हणेल, बघा आपलं सोयाबीन किती रुपये किलो आणि तिथं काय. ते रडगाणं मी गाणार नाही. ती भाजीची जात वेगळी, साफ करून गोठवून आणलेली, जागेचं भाडं, आचाऱ्याचा पगार सगळा त्यात. हॉटेलवाल्यानं माझं काही लुटलं नाही.

उलट हॉटेलवाल्याकडून मी शिकून आलो. काउंटरवर विचारलं, या खोलीचं भाडं किती? पोरीनं न लाजता सांगितलं, आज 9500, वर 18 टक्के जीएसटी, 11,210. उद्या लग्नाची तारीख आहे, जास्त होईल. बारा वाजता खोली सोडायची. खोलीतल्या यादीत चॉकलेटपासून टॉवेलपर्यंत प्रत्येकाचा भाव छापलेला. आत जायच्या आधी कार्ड नाहीतर अनामत मागत होते, आमची कंपनीनं भरलेली. बघा, रिकामी खोली ही दुधापेक्षा नाशवंत. आजची रात्र गेली की तिचा पैसा गेला. तरी तो माणूस आपला भाव, आपली वेळ, आपली अट आधी सांगतो आणि अनामत घेतल्याशिवाय किल्ली देत नाही. आपलं सोयाबीन नीट वाळवलं तर सहा महिने गोदामात बसतं, आणि आपण मात्र ट्रक भरून दुसऱ्याच्या गेटवर जाऊन विचारतो, साहेब, काय लावता?

सकाळी तळघरातल्या हॉलमध्ये बैठक. एसी एवढा की निम्मे जण उपरणं पांघरून बसलेले. पडद्यावर भाताच्या शेतात हसणारा शेतकरी (सोयाबीनच्या बैठकीत भात!). दोन तास शाश्वत, भागीदारी, मूल्यसाखळी झालं. जेवणाआधी वीस मिनिटं करार. करार इंग्रजीत, बारा पानं. मराठीत दोन पानं दिली, त्यात ठळक एवढंच की बाजार समितीच्या सरासरी भावापेक्षा क्विंटलला 50 रुपये जास्त. कटतीचा तक्ता इंग्रजी करारात शेवटच्या पानावर होता, मराठीत नव्हताच. मला तो दिसला होता. हे कबूल करतो. दहावीचं इंग्रजी आहे, तेवढं वाचता येतं. विचारायला हात वर करणार तेवढ्यात कंपनीचे साहेब म्हणाले, "काका, जेवण थंड होतंय, बारीकसारीक आपण फोनवर बोलू." रात्री त्यांच्या गादीवर झोपलेलो, सकाळी त्यांचा नाष्टा केलेला. तोंड उघडंना. सही केली. माझ्या एकट्याची नव्हे, 400 वर सभासदांच्या वतीनं.

आता तो तक्ता सांगतो, कृषी विद्यापीठवाल्या आणि केव्हीकेच्या मंडळींनी तपासून बघावा. 10 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव. 10 ते 12 पर्यंत प्रत्येक टक्क्याला वजनात 1 टक्का घट. 12 च्या वर प्रत्येक टक्क्याला 2 टक्के. प्लांटचा भाव 10 हव्यावर असतो हे व्यापारातलं जुनंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की बाजार समितीत ढीग जसा आहे तसा बघून बोली होते, त्या भावाशी 10 हव्याच्या भावाची तुलना करून "50 जास्त" म्हणायचं. सरकार हमीभावानं घेतं तेव्हा 12 पर्यंत चालतं, आणि त्या नोव्हेंबरात तर 15 पर्यंत सूट दिली होती. यांच्याकडं 12 चा माल गेला की 2 टक्के गेले. 4400 भाव धरला तर 88 रुपये. दिले 50, घेतले 88. बाजारातला खर्च वाचतो म्हणाल तर ट्रकभाडं आपल्याच बोकांडी आहे.

आणि 12 च्या वरची दुप्पट कटती कोणत्या गणितात बसते? 14 टक्के ओलाव्याच्या 100 किलोत 86 किलो कोरडा माल. तो 10 वर वाळवला तर 86 भागिले 0.90, साडेपंच्याण्णव किलो भरतो. म्हणजे खरी घट साडेचार किलो. तक्त्याप्रमाणे 6 किलो. वरचं दीड किलो वाळवणीचा खर्च म्हणा, मी मान्य करीन, पण मग तसं लिहा आणि आधी बोला.

खरा घाव मात्र मीटरवर बसला. आमचा पहिला ट्रक 160 क्विंटलचा. गोदामात आमच्या मीटरवर 11.6. गेटवर दोन रात्री रांगेत उभा, नोव्हेंबरातलं दव. पहाटे ताडपत्री उचलली आणि वरच्या थरातल्या पोत्यांना सळई मारून नमुना काढला. त्यांचा मीटर म्हणतो 14. 11.6 ला घट झाली असती अडीच क्विंटल. 14 ला कापले 9.6. सात क्विंटल, एका ट्रकला 31 हजार. ड्रायव्हर खोटीचे पैसे मागत होता, परत आणायचा तर भाडं दुप्पट. उतरवला. पुढच्या दोन ट्रकना एवढं कापलं नाही, तेही सांगतो, पण आमच्या मीटरशी त्यांचा मीटर एकदाही जुळला नाही. आणि प्रत्येक वेळी फरक एकाच बाजूला.

त्या बैठकीला कंपनीनं 14 खोल्या घेतल्या होत्या. हिशोब करा, दीड लाखाच्या वर. आमच्या पहिल्या ट्रकसारखे पाच ट्रक झाले की खोल्या फिटल्या.

मला विचारतात, मग हमीभाव केंद्रावर का नाही घातलं? 4892 होता ना. होता. नोंदणी केली, कधी बारदाना नाही, कधी नंबर नाही, आणि रब्बीच्या पेरणीला पैसा लागतो तो आठवड्यात. 2025 च्या खरिपाला हमीभाव 5328 ठरला, केंद्र वेळेवर लागलं तर तिकडंही नेऊ.

कंपनीला माल देऊ नका असं मी म्हणत नाही. मोठा खरेदीदार लागतोच. माझं भांडण आपल्याच संचालकांशी आहे. सभासदांचा माल विकायला जाताना समोरच्याच्या पैशानं झोपायचं नाही, जेवायचं नाही. पुण्याला जायचंच असेल तर एसटीनं जा, लॉजवर उतरा, बिल एफपीओच्या खात्यात टाका. हजार-दीड हजारात भागतं. "एका रात्रीनं काय होतंय, आपण काय विकले जातो का?" असं आमचे एक संचालक म्हणाले. दादा, मी विकला गेलो नव्हतो. मला फक्त संकोच वाटला, आणि त्या संकोचाचे एका ट्रकला 31 हजार झाले.

निमंत्रणाला मी अध्यक्षांच्या परवानगीनं उत्तर धाडलंय. बैठक आमच्या गोदामावर घ्या, पिठलं-भाकरी आम्ही घालतो. कटतीचा तक्ता मराठीत, आठ दिवस आधी. नमुना इथं, ट्रक भरताना, वरच्या-मधल्या-खालच्या पोत्यांतून, तीन पिशव्या सीलबंद: एक तुमची, एक आमची, एक वाद झाला तर ओव्हनमध्ये वाळवून तपासायला. ट्रक गेटवर एका दिवसाच्या वर थांबला तर खोटी तुमची. आणि थोडी अनामत, हॉटेलवाला घेतो तशी. अजून उत्तर नाही. दोन निळ्या रेघा आल्यात.

सोमवारी अकरा वाजता गोदामावर सभासदांची बैठक आहे. ज्यांच्याकडं ओलावा मोजायचं मीटर आहे त्यांनी ते घेऊन यावं, आणि येताना किलोभर जुनं सोयाबीन पिशवीत बांधून आणावं. एकाच दाण्यावर सगळे मीटर लावून बघू. केव्हीकेच्या मॅडमला त्यांचं मीटर घेऊन यायला सांगितलंय, त्या येतो म्हणाल्यात.