अभ्यास आकड्यांचा, नाद आकड्याचा

"जुगार कसला? माझा अभ्यास आहे त्यातला!" आयपीएलच्या दिवसांत हे वाक्य आपल्याकडच्या किती घरांत ऐकू आलं असेल, त्याची गणतीच नाही. कधी नवऱ्याच्या तोंडून, कधी कॉलेजात जाणाऱ्या लेकाच्या, तर कधी दिराच्या. अमेरिकेत हेच वाक्य बेसबॉलच्या निमित्तानं ऐकू येतं, एवढाच काय तो फरक. तिथं या 'अभ्यासा'नं गेल्या काही वर्षांत जे रंग दाखवलेत, ते आपण बायकांनी जरा समजून घ्यायला हवेत.

तुम्ही म्हणाल, बेसबॉलचं आणि आपलं काय नातं? आहे, मैत्रिणींनो, अगदी जवळचं आहे. बेसबॉलमध्ये आकडेमोडीचं वेड ज्यानं रुजवलं, तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. एकोणिसाव्या शतकात त्यानं क्रिकेटच्या धावफलकावरून बेसबॉलचा धावफलक बेतला. फलंदाजाची सरासरी काढायची कल्पनाही क्रिकेटमधूनच उचलली. म्हणजे आपल्याकडची मंडळी चहाच्या टपरीवर 'त्याचा स्ट्राइक रेट बघ' म्हणून वाद घालतात ना, त्याचंच हे अमेरिकेतलं भावंड.

वेड साधं, निरुपद्रवी

बेसबॉलचे चाहते एकत्र बसले की बोलणं आकड्यांचंच. एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्यामुळे आकड्यांना तोटाच नाही. कुणी किती फटके मारले, डावखुऱ्या पिचरसमोर तो कसा खेळतो, रात्रीच्या सामन्यात किती वेळा चुकतो, सगळं पाठ! टेड विल्यम्सनं १९४१ साली .४०६ ची सरासरी गाठली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण मोसमात कुणालाही .४०० पर्यंत पोचता आलेलं नाही. हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

या वेडातून चांगलंही निघालं. बिल जेम्स नावाचा एक माणूस कॅन्सासमध्ये डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. १९७७ मध्ये त्यानं स्वतःच आकड्यांची एक पुस्तिका काढली. खेळाडूची खरी किंमत कशी ओळखायची, याचा विचारच त्यानं बदलून टाकला. पुढे ओकलंडच्या कमी पैशांच्या संघानं याच वाटेनं जाऊन श्रीमंत संघांना घाम फोडला. 'मनीबॉल' हा ब्रॅड पिटचा सिनेमा त्याच गोष्टीवरचा.

१९८० मध्ये न्यूयॉर्कच्या काही लेखक-संपादक मित्रांनी आणखी एक खेळ काढला. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकानं आपला कागदी संघ निवडायचा आणि मोसमभर त्यांच्या आकड्यांवरून गुण मोजायचे. फॅन्टसी खेळाची आजची लाट तिथून सुरू झाली. तीच कल्पना फिरत फिरत आपल्याकडे आली आणि क्रिकेटच्या 'टीम बनवा' जाहिरातींतून आपल्या बैठकीच्या खोलीत घुसली. मुंबईची ड्रीम ११ कंपनी तर २०२३ ते २०२५ या काळात भारतीय संघाच्या जर्सीवरही होती.

तोवर सगळं ठीक होतं, जोवर पैसा मध्ये नव्हता.

शंभर वर्षांचा धडा

बेसबॉलला बेटिंगचा चटका काही आज बसलेला नाही. १९१९ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स संघ अंतिम मालिकेत हरला, आणि आठ खेळाडू जुगाऱ्यांना सामील असल्याचा आरोप झाला. १९२१ मध्ये कोर्टानं त्यांना सोडलं, पण खेळाचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. तेव्हापासून नियम कडक आहे. आपल्या संघाच्या सामन्यावर पैसे लावले, तर कायमची बंदी. प्रत्येक संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये हा नियम भिंतीवर लावलेला असतो.

या नियमानं कुणाचीच गय केली नाही. पीट रोझच्या नावावर ४,२५६ हिट्स, म्हणजे सर्वांत जास्त. पण १९८९ मध्ये त्याच्यावर बंदी आली. पंधरा वर्षं 'मी नाही त्यातला' म्हणत राहिला आणि २००४ मध्ये कबूल झाला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो गेला, तेव्हाही बंदी होतीच. मे २०२५ मध्ये, मरणानंतर, ती उठवली गेली.

आता गंमत बघा. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं बेटिंगला अटकाव करणारा जुना केंद्रीय कायदा रद्द केला. पुढे तिसापेक्षा जास्त राज्यांनी खेळांवरच्या बेटिंगला परवानगी दिली. आणि भिंतीवर बंदीचा नियम लावणाऱ्या त्याच बेसबॉल लीगनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एमजीएम या कॅसिनो कंपनीशी करार केला. खेळाडूनं पैसे लावले तर पाप, आणि प्रेक्षकानं लावले तर धंदा! घरी मुलांना 'गोड खाऊ नका' सांगायचं आणि ओट्यावर मिठाईचं दुकान थाटायचं, त्यातला हा प्रकार.

दुकानदार कधी हरत नाही

'अभ्यास आहे' म्हणणाऱ्याला एक साधं गणित विचारा. अमेरिकेत बेटिंगचा नेहमीचा भाव असा असतो की ११० डॉलर लावले आणि जिंकलात, तर वर १०० मिळतात. आता समजा दोघांनी समोरासमोर ११०-११० लावले. दुकानात जमा झाले २२०. जिंकणाऱ्याला परत गेले २१०. उरलेले १० दुकानाच्या गल्ल्यात. सामना कुणीही जिंको!

म्हणजे निम्म्या वेळा बरोबर येऊनही खिसा रिकामाच होतो. नुसतं बरोबरीत राहायचं, तरी शंभरात जवळजवळ ५३ वेळा अंदाज खरा ठरायला हवा. आणि बेसबॉल असा खेळ आहे, की दहापैकी तीनदा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम समजला जातो. १६२ पैकी १०० सामने जिंकणारा संघ म्हणजे वर्षातला अव्वल. तोही ६२ वेळा हरतोच. खेळाडूंनाच जे जमत नाही, ते सोफ्यावर बसून मोबाइल चाळणाऱ्याला कसं जमावं?

त्यातून हल्ली एकात एक गुंफलेल्या पैजांची जाहिरात असते. चार गोष्टी सांगायच्या, चारही खऱ्या ठरल्या तर मोठं बक्षीस. नाणं चार वेळा उडवून चारही वेळा छापा पडायची शक्यता सोळात एक असते. बक्षिसाचा आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो, सोळात एक हे कुणी लिहीत नाही.

एका चेंडूची किंमत

अभ्यासाची शेवटची सबब गळून पडते ती एकेका चेंडूवरच्या पैजेत. पुढचा चेंडू पट्ट्यात पडेल की बाहेर? वेग किती असेल? एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीनशे चेंडू पडतात, म्हणजे तीनशे वेळा पैसे लावायची सोय! यात बिल जेम्सचं डोकंसुद्धा चालणार नाही. हे फक्त एकालाच आधी ठाऊक असू शकतं, ते म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला.

आणि तिथंच पाणी मुरलं, असा आरोप आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलंड गार्डियन्स संघाचे दोन पिचर, इमॅन्युएल क्लासे आणि लुईस ऑर्टिझ, यांच्यावर न्यूयॉर्कच्या केंद्रीय कोर्टात आरोपपत्र दाखल झालं. कुठला चेंडू मुद्दाम बाहेर टाकणार हे त्यांनी आधी कळवलं आणि त्यावर पैसे लावणाऱ्यांनी किमान साडेचार लाख डॉलर कमावले, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. दोघांनीही आरोप नाकारले. पण लीग इतकी हादरली, की लगेच बेटिंग कंपन्यांशी बोलून एका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातली. पैज बंद नाही केली बरं का, फक्त मर्यादा घातली.

राग निघतो तो घरावर

हरणारा माणूस राग कुणावर काढतो, हे बाईला सांगावं लागत नाही. मे २०२५ मध्ये ह्यूस्टनच्या लान्स मॅक्युलर्स या पिचरनं पहिल्याच डावात सात धावा दिल्या. त्या रात्री त्याच्या मुलांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी माग काढला, तर धमकी देणारा परदेशातला माणूस निघाला. दारू प्यायलेला आणि त्या सामन्यात पैसे हरलेला. नंतर त्यानं माफी मागितली म्हणे. माफी मागून त्या घरातली भीती जाते का?

ही झाली अनोळखी माणसाची गोष्ट. घरातल्या माणसाचं काय? डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो बेसबॉलचा नाही, अमेरिकन फुटबॉलचा. जिंकेल असं वाटत असलेला गावचा संघ अचानक हरला, की पुरुषांनी घरात बायकोवर किंवा मैत्रिणीवर हात उचलण्याचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. संघ जिंकेल ही अपेक्षा त्यांनी कशावरून मोजली? बेटिंगच्या भावावरून! हा अभ्यास झाला तेव्हा मोबाइलवरचं बेटिंग आजच्यासारखं घरोघरी पोचलं नव्हतं. नुसत्या अपेक्षाभंगानं हे होतं, तर त्यात पगार अडकलेला असेल तेव्हा काय होत असेल?

पैसे कुठून जातात, हेही पाहिलं गेलंय. २०२४ मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी घरांच्या जमाखर्चाचा अभ्यास केला. बेटिंगचा पैसा सिनेमा-हॉटेलच्या खर्चातून आला नव्हता. तो आला होता बचतीतून. ज्यांची ओढाताण आधीच होती, त्यांच्याच डोक्यावर क्रेडिट कार्डाचं कर्ज वाढलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हॉटेलिंग चालूच, पण भिशीचा हप्ता गायब.

जवळचाच माणूस

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट शोहेई ओहतानीची. हा जपानी खेळाडू आज बेसबॉलचा बादशहा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्यानं दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला. त्याचा दुभाषा इप्पेई मिझुहारा म्हणजे सावलीसारखा सोबती. बँकेत खातं उघडायलाही तोच बरोबर होता. त्याला बेटिंगचा नाद लागला. कोर्टात जे आलं ते असं: सुमारे दोन वर्षांत जवळजवळ १९,००० पैजा. म्हणजे रोजच्या पंचवीस. जिंकले १४ कोटी २० लाख डॉलर, हरले १८ कोटी ३० लाख डॉलर. त्या जिंकलेल्या आकड्याकडे नीट पाहा. तो जिंकतच नव्हता असं नाही. जिंकत होता म्हणूनच थांबला नाही.

बुकी बेकायदा होता आणि तो उधारीवर खेळवत होता. उधारी फेडायला मिझुहारानं ओहतानीच्या खात्यातून जवळजवळ १ कोटी ७० लाख डॉलर काढले. बँकेत नोंदवलेला फोन आणि ईमेल त्यानं आधीच बदलून टाकला होता. बँकेला फोन करून 'मीच ओहतानी' असंही सांगितलं. मार्च २०२४ मध्ये भांडं फुटलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला पावणेपाच वर्षांची शिक्षा झाली.

आपण काय बघायचं?

आपल्याकडे हे नवं नाही. मुंबईचा मटका सुरू झाला तोच मुळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर. ओपन-क्लोज हे शब्द तिथूनच आले. तेव्हाही 'चार्ट बघून' आकडा काढणारे अभ्यासू होतेच. त्यातल्या किती जणांनी घर बांधलं, आणि किती जणांच्या बायकांचं मंगळसूत्र सोनाराकडे गेलं, हे आपल्या आया-आज्यांना विचारा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. वर्षाला ४५ कोटी लोक २०,००० कोटी रुपये यात गमावतात, असा सरकारचाच अंदाज. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ड्रीम ११ नं पैशांचे खेळ लगेच बंद केले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण मिझुहाराचा बुकीसुद्धा बेकायदाच होता, हे विसरू नका. कायद्यानं दुकानाची पाटी उतरते. फोनवरचा बुकी आणि त्याची उधारी मात्र शिल्लक राहते.

म्हणून घरात वाद घालताना 'तुला क्रिकेट कळतं का' या मुद्द्यावर जाऊच नका. कळत असेलही! भांडण खेळ कळण्याचं नाहीच. जमाखर्चाचं बोला. "या महिन्यात लावले किती आणि आले किती, दोन्ही रकाने वहीत लिही," एवढंच सांगा. फक्त जिंकलेला आकडा सांगणारा माणूस अर्धीच वही वाचून दाखवत असतो. घरच्या बचत खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय, बँकेचे मेसेज कुणाकडे जातात, हे एकदा स्वतः बँकेत जाऊन बघा. यात अविश्वास नाही, गॅसची शेगडी रात्री बंद आहे ना हे आपण पाहतोच की. आणि उधारीची कुणकुण लागली, तर ती फेडायला दागिना काढून देण्याआधी घरातल्या मोठ्यांना आणि गरज पडली तर पोलिसांना सांगा. एकदा गुपचूप फेडलेली उधारी दुसऱ्या उधारीला वाट करून देते.

मुलांच्या आकड्यांच्या वेडाला मात्र नावं ठेवू नका. सरासरी काढू द्या, वहीत धावा लिहू द्या, वाद घालू द्या. त्यातून गणित सुधारतं, सामन्याची गोडी वाढते. फक्त एक सांगून ठेवा: ज्या दिवशी सामना बघताना पोटात गोळा येतो, त्या दिवशी खेळ आपला राहिलेला नसतो.