मोजा आणि सांगा

किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. म्हणूनच त्याची भीती अफवांवर पोसते. २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर जपानमधील फुकुशिमाने त्यावर मोजमापाचा उतारा शोधला. २०१२ पासून तिथल्या तांदळाचे पोते न् पोते तपासले गेले. वर्षाला सुमारे एक कोटी पोती! मर्यादा किलोमागे १०० बेकरेल (किरणोत्साराचे एकक) किरणोत्सारी सीझियमची. २०१५ च्या पिकापासून एकही पोते ती ओलांडणारे निघाले नाही. माणसांच्या शरीरातील सीझियमही यंत्रांनी मोजले. २०१३ मध्ये तान्ह्या बाळांसाठी खास ‘बेबीस्कॅन’ यंत्र आले. नुसते ‘घाबरू नका’ म्हणून विश्वास मिळत नाही. मोजलेले आकडे लोकांपुढे ठेवावे लागतात. असे आकडे मिळणे हा अणुभट्टीशेजारच्या प्रत्येक गावाचा, आपल्या तारापूरचाही, हक्क आहे.