रायफलचा बोल्ट म्हणजे पंपाचा फुटव्हॉल्व्ह नव्हे

मंडळी, रानडुकरांपायी काहींच्या घरी परवान्याची जुनी रायफल आहे. बोल्ट झिजला की दुसऱ्या रायफलचा घालायचा आणि 'बसला म्हणजे झालं' म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही.

बोल्ट बंद केल्यावर त्याचं तोंड आणि काडतुसाची कडा जिथे अडते ती जागा, यांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. लष्करी .३०३ ली-एनफील्डमध्ये ते ०.०६४ ते ०.०७४ इंच चालतं. म्हणजे सगळी सूट पाव मिलिमीटरची, डोळ्याला काय दिसणार? अंतर वाढलं की काडतुसाचं पितळ बुडाजवळ तुटतं आणि तापलेला वायू मागे, तोंडावर येऊ शकतो. एक गोळी नीट सुटली हा काही पुरावा नाही.

तपासणी गेजनेच, आणि गेज त्याच काडतुसाचं. रिकाम्या, साफ चेंबरमध्ये 'गो' गेजवर बोल्ट हलक्या हाताने बंद व्हावा, 'नो-गो'वर होऊ नये. जिवंत काडतूस घालून बघू नका. हे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं. त्याच्याकडे गेज नसेल तर रायफल तशीच परत आणा. डुकराने खाल्लेला मका पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतो, गेलेला डोळा नाही.